मटार, मॅकरोनी आणि मेहुणा

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात राहतात. त्यांच्या गावातल्या ग्रंथालयाच्या मदतीसाठी ‘थॉमस जेफरसनच्या आवडीचं जेवण’ असा कार्यक्रम ठरला आहे. तिकीट काढून जेवायचं आणि येताना प्रत्येकाने घरून एक गोड पदार्थ करून आणायचा. पत्रिकेवर मटार, मॅकरोनी-चीज, फ्रेंच फ्राइज, आइस्क्रीम अशी नावं आहेत आणि खाली ‘हे पदार्थ जेफरसननेच अमेरिकेत आणले’ असंही छापलं आहे. हे खरं आहे का? सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला काय आवडत होतं हे कळतं तरी कसं? त्या दिवशी आम्ही दोघंही तिथेच असू, आणि आम्ही शाकाहारी. उपाशी तर राहणार नाही ना? आणि मुलीने न्यावं तरी काय?

— एक वाचक, चिंचवड

उत्तर : उपाशी राहायची भीती नको. शाकाहारी पाहुण्याने जुन्या अमेरिकेतल्या एखाद्या पुढाऱ्याकडे जेवायला जायचंच, तर ते याच्याकडे जावं. जेफरसन १७४३ चा, म्हणजे आपल्या नाना फडणवीसांच्या बरोबरीचा. स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्याने लिहिला आणि १८०१ ते १८०९ अशी आठ वर्षं तो राष्ट्राध्यक्ष होता. पंचाहत्तरी उलटल्यावर, १८१९ मध्ये, एका डॉक्टरांनी त्याला प्रकृतीचं रहस्य विचारलं. त्याने कळवलं, की मी मांस अगदी थोडं खातो, आणि तेही पोट भरायला नव्हे, भाज्यांच्या जोडीला तोंडी लावणं म्हणून. आपल्या ताटात डावीकडे जिथे लोणचं-चटणी असते, तिथे त्याचं मटण असायचं म्हणा ना. त्याच पत्रात वाइनची कबुलीही आहे. डॉक्टर दीड पेला सांगतात, मी त्याच्या दुप्पट घेतो, मित्र आला तर तिप्पट. पण वाइन हलकी असते, म्हणजे हिशेब जुळतोच! वकिली शिकलेला माणूस.

भाज्यांमध्ये पहिला मान मटारचा. मॉन्टिचेलो हे त्याचं डोंगरावरचं घर. तिथे उतार खोदून तयार केलेला हजार फूट लांबीचा वाफा होता. त्यात वर्षानुवर्षं मिळून तीनशेच्या वर जातींच्या भाज्या लावल्या गेल्या आणि मटारच्या कितीतरी जाती आलटून-पालटून पेरल्या गेल्या. आजूबाजूच्या जमीनदारांमध्ये दर वसंत ऋतूत पैज लागे. ज्याच्या शेतात मटार आधी तयार होतील, त्याने बाकीच्यांना जेवायला बोलवायचं. जिंकायचा बहुधा जॉर्ज डायव्हर्स नावाचा शेजारी. एका वर्षी जेफरसनचे मटार आधी आले. घरच्यांनी आठवण केली, आता आमंत्रणं धाडा. तो म्हणाला, कशाला, डायव्हर्सलाच देऊ दे जेवण, त्यातच त्याला जास्त आनंद. राजकारणात हा माणूस इतका उदार नव्हता.

त्याला काय आवडत होतं हे कळतं ते त्याला सगळंच लिहून ठेवायची खोड होती म्हणून. १७६६ पासून त्याने बागेची वही ठेवली. कुठलं बी कधी पेरलं, कधी उगवलं, कधी ताटात आलं, सगळं तीत आहे. लेट्यूससाठी नियम असा, की फेब्रुवारी ते सप्टेंबर दर सोमवारी सकाळी शिवणकामातल्या अंगुस्तानाएवढं बी पेरायचं. राष्ट्राध्यक्ष असतानाही वॉशिंग्टनच्या बाजारात कुठली भाजी वर्षात पहिल्यांदा कधी आली आणि शेवटची कधी दिसली याचा तक्ता त्याने आठ वर्षं भरला. त्यात सदतीस भाज्या आहेत. त्याच काळात हा माणूस नेपोलियनकडून लुइझियानाचा अफाट मुलूखही विकत घेत होता. याशिवाय त्याच्या हिशेबाच्या वह्या आहेत, फ्रेंच कारभारी एतिएन लमेरच्या बाजारहाटाच्या नोंदी आहेत, पाहुण्यांची पत्रं आणि रोजनिशा आहेत.

पण शाकाहाराची ही गोष्ट त्याच्या ताटापुरती. त्याच्या टेबलावर बीफ, मटण, टर्की, हॅम सगळं एकदमच मांडलेलं असे आणि पाहुणे त्यावर तुटून पडत. तुमच्या कार्यक्रमातही तसंच असेल. शिवाय व्हर्जिनियाच्या जुन्या घरांत पालेभाजी खारवलेल्या डुकराच्या मांसाबरोबर उकळायची रीत आहे, आणि ‘भाजीचं सूप’ म्हटलं तरी खाली मांसाचं पाणी असू शकतं. तेव्हा मुलीला आधीच विचारून ठेवायला सांगा. मटार, कोशिंबिरी आणि मॅकरोनी तुम्हाला बहुधा चालेल. आइस्क्रीमचं पुढे सांगतो.

आता ‘जेफरसननेच आणले’ या वाक्याकडे. हे वाक्य अमेरिकेत इतक्या पत्रिकांवर छापलं गेलं आहे, की त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. तरी थोडं भांडतो.

मॅकरोनीपासून सुरू करू. जेफरसन १७८४ ते १७८९ फ्रान्समध्ये अमेरिकेचा प्रतिनिधी होता. तिथे त्याला ही इटालियन मॅकरोनी आवडली. ती बनवायच्या यंत्राचं चित्र त्याने स्वतः काढलं, आणि आपला सचिव विल्यम शॉर्ट याला नेपल्सहून मॅकरोनीचा साचा आणायला सांगितलं. इथवर सगळं खरं. पण एलिझाबेथ रॅफल्ड या इंग्रज बाईंच्या १७६९ च्या पाकपुस्तकात चीज घातलेल्या मॅकरोनीची कृती छापलेली आहे आणि इंग्रजी पुस्तकं जहाजातून अमेरिकेत जातच होती. जेफरसनने केलं ते एवढंच, की पदार्थ राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर आणला. ६ फेब्रुवारी १८०२ ला मनासे कटलर नावाचे मॅसॅच्युसेट्सचे खासदार तिथे जेवायला होते. ते पेशाने धर्मोपदेशक आणि जेफरसनच्या विरोधी पक्षातले. घरी जाऊन त्यांनी पदार्थांची यादीच लिहिली. त्यात ‘मॅकरोनी नावाचा पाय (pie)’ आहे. त्यांना वाटलं आत कांद्याच्या नळ्या भरल्या आहेत. चव उग्र, मुळीच आवडलं नाही. मग शेजारी बसलेल्या मेरिवेदर लुइस या तरुण सचिवाने समजावलं, की हा इटालियन पदार्थ, आणि तुम्ही म्हणता ते कांदे पिठाचे आहेत. दोन वर्षांनी हाच लुइस अमेरिका ओलांडून प्रशांत महासागराकडे निघाला. खासदारांना मॅकरोनी पटवून देण्यापेक्षा ते त्याला सोपं गेलं असावं.

आइस्क्रीम तर अमेरिकेत जेफरसनच्या बालपणापासून होतं. १७४४ मध्ये मेरीलँडच्या गव्हर्नरच्या घरी पाहुण्यांनी ते खाल्ल्याची नोंद आहे, आणि जॉर्ज वॉशिंग्टनने १७८४ मध्ये त्याचं यंत्र विकत घेतलं. मग जेफरसनचं नाव का? कारण त्याच्या हातची आइस्क्रीमची कृती वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलेली आहे. उत्तम सायीच्या दोन बाटल्या, सहा अंड्यांचे बलक, अर्धा पौंड साखर आणि व्हॅनिलाची शेंग. मिश्रण तापवून गाळायचं, भांड्यात भरायचं, भोवती बर्फ आणि मीठ घालून भांडं फिरवत राहायचं. म्हणजे अंडं न खाणाऱ्यांनी जपून. बर्फासाठी मॉन्टिचेलोला जमिनीत खोल बर्फखाना बांधला होता. १८०३ च्या हिवाळ्यात गोठलेल्या रिव्हाना नदीतून साठाहून अधिक गाड्या बर्फ डोंगरावर चढवून तो भरला. राष्ट्राध्यक्षांकडे गरम पेस्ट्रीच्या कवचात गार आइस्क्रीम वाढत, आणि मॅकरोनीला नाकं मुरडणाऱ्या कटलर यांनीही त्या दिवशी आइस्क्रीमची तारीफच केली आहे.

फ्रेंच फ्राइजचं एका वाक्यात : कच्च्या बटाट्याचे पातळ काप तळायची एक फ्रेंच कृती त्याच्या घरच्या कागदांत आहे, त्यावरून बोटाएवढ्या फ्राइजचं जनकत्व त्याला देणं म्हणजे जरा ताणाताणच आहे.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे येतो. या सगळ्यातलं जेफरसनने स्वतः काय शिजवलं? काहीही नाही. आयझॅक ग्रेंजर नावाचा माणूस त्याच्या गुलामगिरीत वाढला होता. म्हातारपणी त्याने आठवण सांगितली, की मालक स्वयंपाकघरात यायचे ते फक्त तिथल्या घड्याळाला चावी द्यायला. मग फ्रान्सच्या चवी व्हर्जिनियात कुणाच्या हातांनी आल्या? त्या हातांची नावं आहेत, आणि ती पत्रिकेवर असायला हवी होती.

पहिलं नाव जेम्स हेमिंग्ज. पॅरिसला निघताना जेफरसनने या एकोणीस वर्षांच्या मुलाला बरोबर घेतलं ते ठरवूनच, फ्रेंच स्वयंपाक शिकवायला. जेम्स कायद्याने त्याची मालमत्ता होता. जेफरसनचे सासरे जॉन वेल्स वारले तेव्हा बायकोच्या वाट्याला दोन गोष्टी आल्या, सासऱ्यांचं कर्ज आणि हेमिंग्ज कुटुंब. जेम्सचे आणि त्याच्या काही भावंडांचे वडीलही खुद्द वेल्सच होते, असं आता अभ्यासक मानतात. म्हणजे जेम्स हा जेफरसनच्या बायकोचा सावत्र भाऊ, जेफरसनचा मेहुणा. मेहुण्याला गुलाम म्हणून पॅरिसला न्यायचं आणि त्याच्या हातचं जेवायचं, हे त्या घरात कुणाला विचित्र वाटत नव्हतं.

जेम्स तिथे केटररकडे शिकला, पेस्ट्रीवाल्याकडे शिकला, प्रिन्स दि कोंदे यांच्या आचाऱ्याच्या हाताखालीही राबला. मग शाँझेलिझेवरच्या जेफरसनच्या बंगल्यात तो मुख्य आचारी झाला. त्याला पगार मिळे. फ्रान्समध्ये अर्ज केला असता तर सुटकाही मिळण्याजोगी होती. तरीही १७८९ मध्ये तो जेफरसनबरोबर परतला. त्याची आई आणि भावंडं मॉन्टिचेलोत होती.

पुढच्याच वर्षी, जून १७९० मध्ये, न्यूयॉर्कच्या मेडन लेनवरच्या घरी जेफरसनने हॅमिल्टन आणि मॅडिसन या दोन हटवादी पुढाऱ्यांना एकत्र जेवायला बोलावलं. राज्यांची युद्धकर्जं केंद्राने उचलायची आणि त्या बदल्यात राजधानी दक्षिणेकडे, पोटोमॅक नदीकाठी न्यायची, असा सौदा त्या रात्री जुळला. वॉशिंग्टन शहर आज जिथे आहे, तिथे ते त्यामुळे आहे. अमेरिकेच्या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं जेवण ते हेच. जेफरसनचा आचारी तेव्हा जेम्स. त्या भेटीची हकीकत जेफरसनने नंतर लिहिली, तीत कर्ज आहे, राजधानी आहे, आचारी नाही.

१७९३ मध्ये जेम्सने त्याच्याकडून लेखी करार मिळवला. करार असा, की तुला शिकवायला मला फार खर्च आला, तेव्हा आधी दुसऱ्या कुणाला तरी तयार कर, मग तुला मोकळं करतो. जेम्सने धाकट्या भावाला, पीटरला, शिकवलं आणि ५ फेब्रुवारी १७९६ ला तो सुटला. सुटल्यावर पंधरा दिवसांनी त्याने मॉन्टिचेलोच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी आपल्या हाताने लिहून दिली. तो कागद आजही आहे. चार्ज देऊन निघालेला माणूस!

१८०१ मध्ये जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाला. जेम्सने आपल्या नव्या घरात आचारी म्हणून यावं असा निरोप त्याने तिसऱ्याच माणसाकडून पाठवला. जेम्सने कळवलं, तुमच्या हातच्या दोन ओळी येऊ द्या. ज्याने आयुष्यभरात हजारो पत्रं लिहिली, त्याच्याकडून त्या दोन ओळी काही आल्या नाहीत. जागा ओनोरे ज्युलिएँ नावाच्या फ्रेंच आचाऱ्याला मिळाली. त्याच वर्षी बाल्टिमोरमध्ये जेम्सने आपलं आयुष्य संपवलं. तो छत्तीस वर्षांचा होता. त्याच्या नावाने आज दोन कृती सांगितल्या जातात, एक चॉकलेट क्रीमची आणि दुसरी ‘स्नो एग्ज’ची. या दुसऱ्या पदार्थात अंड्याच्या पांढऱ्याचा फेस दुधात शिजवून कस्टर्डवर तरंगत सोडतात. नेटफ्लिक्सवरच्या ‘हाय ऑन द हॉग’ (२०२१) या मालिकेत त्याच्यावर चांगला भाग आहे. जायच्या आधी सवड काढून बघा.

दुसरं नाव एडिथ फॉसेटचं, आणि माझ्या मते तुमच्या कार्यक्रमात अर्धी पाटी तरी तिची असायला हवी. पंधराव्या वर्षी तिला मॉन्टिचेलोहून वॉशिंग्टनला धाडलं आणि ज्युलिएँच्या हाताखाली ठेवलं. मागून फॅनी हर्न नावाची मुलगी आली. १८०९ मध्ये जेफरसन निवृत्त होऊन घरी आला, तेव्हा एडिथ तिथली मुख्य स्वयंपाकीण झाली, ती त्याच्या मरणापर्यंत. नवं स्वयंपाकघर गच्चीखाली बांधलेलं होतं. त्यात आठ तोंडांची कोळशाची शेगडी होती, आणि प्रत्येक तोंडावर वेगळी आच ठेवता येई. फ्रेंच सॉस तसल्याच शेगडीवर जमतात, उघड्या जाळावर ते फाटतात. १८२४ च्या डिसेंबरात डॅनियल वेब्स्टर हा मोठा वक्ता तिथे जेवला आणि त्याने लिहिलं, की जेवण अर्धं व्हर्जिनियाच्या, अर्धं फ्रेंच पद्धतीचं, चवदार आणि भरपूर होतं. आज ‘जेफरसनची शैली’ म्हणून जे मिरवतं, त्याचं हे सगळ्यात नेमकं वर्णन, आणि ते एडिथच्या हातचं आहे.

हे हात पाहुण्यांना दिसू नयेत याचीही सोय केलेली होती. जेवणघराच्या शेकोटीच्या दोन्ही बाजूंना छोटे उचलपाट बसवले होते. खाली तळघरात कुणीतरी बाटली ठेवायची, वर यजमानांनी ती काढायची. दाराला फळ्या, आणि दार मधल्या खुंटावर फिरणारं. ताटल्या पलीकडून लावल्या की दार फिरवून अलीकडे. १९६२ मध्ये केनेडीने व्हाइट हाउसमध्ये एकोणपन्नास नोबेलविजेत्यांना जेवण दिलं, तेव्हा तो गमतीने म्हणाला होता, की एवढी बुद्धिमत्ता या घरात यापूर्वी जमली असेल तर जेफरसन एकटा जेवायला बसायचा तेव्हाच. विनोद छान आहे. फक्त जेफरसन एकटा कधीच जेवत नव्हता. भिंतीपलीकडे माणसं उभी असत.

आणखी एक नोंद मला फार आवडते. १८०५ ते १८०८ या काळात त्याच्या नातीने, अ‍ॅन रँडॉल्फने, घरखर्चाची वही ठेवली. तीत कोंबड्या, अंडी, काकड्या विकत घेतल्याच्या ओळी आहेत, आणि विकणारे कोण, तर त्याच डोंगरावर गुलामगिरीत राहणारी कुटुंबं. दिवसभर मालकाचं काम करून उरलेल्या वेळात ते आपापली परसबाग पिकवत, आणि राष्ट्राध्यक्षांच्या घरी रोख पैसे मोजून भाजी घेत असत. म्हणजे ‘जेफरसनच्या बागेतली काकडी’ म्हणून तुम्हाला जे वाढतील, ते त्या काळीही दर वेळी जेफरसनच्या बागेतलं नव्हतं.

४ जुलै १८२६ ला जेफरसन गेला, तेव्हा त्याच्यावर लाखाहून जास्त डॉलरचं कर्ज होतं. सगळं काही जेवणावळींचं नव्हतं. सासऱ्यांकडून आलेलं जुनं कर्ज होतं, मित्राला दिलेला जामीन अंगाशी आला होता. पण ओळीने येणारे पाहुणे आणि पेट्यांनी येणारी वाइन हेही होतंच. ते फेडायला जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिचेलोच्या हिरवळीवर लिलाव झाला. घरातल्या सामानाबरोबर १३० माणसं विक्रीला काढली. त्यांत एडिथ होती, तिची मुलं होती. तिच्या लोहार नवऱ्याला, जोसेफला, मृत्युपत्राने स्वातंत्र्य मिळालं होतं. बायको आणि मुलं लिलावात गेली. त्याने जमेल तसं नातलगांमार्फत काहींना सोडवलं आणि पुढे ही मंडळी ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीला गेली. अकराव्या वर्षी विकला गेलेला त्यांचा मुलगा पीटर अनेक वर्षांनी त्यांना येऊन मिळाला. त्याने तिथे केटरिंगचा नावाजलेला व्यवसाय उभारला आणि तो धर्मोपदेशकही झाला. म्हातारा झाल्यावर, १९०० साली, तो मॉन्टिचेलो पाहायला आला, तो पाहुणा म्हणून.

म्हणून असली जेवणं भरवू नयेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. भरवावीत, पोटभर जेवावं. फक्त आवड एकाची आणि हात दुसऱ्यांचे हे पत्रिकेत कुठेतरी लिहावं. मुलीने आयोजकांना एक फोन करून मागच्या बाजूला दोन नावं घालता येतील का एवढं विचारलं, तर बहुतेक ते आनंदाने घालतील. मॉन्टिचेलोचे वाटाडे हल्ली पर्यटकांना स्वयंपाकघर दाखवताना याच लोकांबद्दल बोलतात.

उरला गोड पदार्थ. आपल्याकडचं काही नेलं तर विजोड दिसेल असं तिला वाटत असेल, तर तसं नाही. जेफरसनच्या मुलीची नणंद मेरी रँडॉल्फ हिचं ‘द व्हर्जिनिया हाउसवाइफ’ हे १८२४ चं पाकपुस्तक अमेरिकेत फार चाललं. त्यात मॅकरोनी आहे, भेंडी आहे आणि हिंदुस्थानी पद्धतीची करी व तिचा हळद घातलेला मसालाही आहे. म्हणजे आपला मसाला त्या घराण्यात तेव्हाच पोहोचला होता. पण करी गोड नव्हे, म्हणून मी तीळ सुचवतो.

तीळ अमेरिकेत आले ते गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर. दक्षिण कॅरोलायनात ते आपापल्या वाफ्यांत तीळ लावत आणि आजही तिथे तिळाची पातळ कुरकुरीत बिस्किटं लोकप्रिय आहेत. जेफरसनला ऑलिव्ह तेलाचं वेड होतं आणि व्हर्जिनियात ऑलिव्ह काही जगत नव्हतं. १८०८ च्या सुमारास त्याच्या हाती तिळाचं तेल लागलं. त्याने काय केलं, तर राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर दोन सॅलडं ठेवली, एकात ऑलिव्ह तेल, दुसऱ्यात तिळाचं, आणि पाहुण्यांना ओळखायला सांगितलं. असं त्याने एकदा नव्हे, अनेक पंगतींत केलं आणि निकाल उत्साहाने मित्राला कळवला. पुढे मॉन्टिचेलोत तीळ पेरले, घाण्याची खटपट केली. तेल काही मनासारखं निघालं नाही, पण हौस फिटली.

तेव्हा तीळगुळाच्या वड्या न्या. अंडं नाही, लोणी नाही, दोन दिवस आधी करून ठेवता येतात, गूळ तिथल्या भारतीय दुकानात मिळतो. वड्या पातळ थापा, म्हणजे तिथल्या लोकांना ओळखीच्या वाटतील, आणि थोड्या जास्तच करा. त्या दोन सॅलडांच्या परीक्षेत तिळाचं तेल ऑलिव्हच्या तोडीचं ठरलं होतं.